गाळलेल्या दोन खेपा

ठमी पक्ष्यांवर संशोधन करायची. प्रयोगशाळेमागच्या झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या होत्या. त्यांत घरटं केलेल्या जोडीतल्या नराच्या शेपटीला ती इवलंसं वजन लावी आणि पिलांना भरवायच्या नराच्या खेपा घटल्या की मादी आपल्या किती वाढवते, ते मोजत बसे. मादीनं सगळाच भार उचलला तर नर कायमचा अंग चोरेल. म्हणून ती थोडाच उचलते, असं गणित होतं. पेट्यांमध्ये बहुधा तसंच घडायचं.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती नि दादा त्यांच्याकडे आळीपाळीनं, दिवसाआड जाऊ लागले. दादा बस चालवायचा; ड्यूटी संपली की डबा घेऊन परस्पर तिकडे. महिन्याभरानं ठमीचं काम तुंबलं. तिनं दोन खेपा गाळल्या आणि दादाला सांगितलं नाही. बघू, तो किती वाढवतो.

शनिवारी गेली तर बाबा म्हणाले, "दादा रोज येतो गं. तू कशाला धावपळ करतेस?"

रोज? हे गणितात बसेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दादाला फोन लावला.

"दादा, रोज कसं जमवतोस रे?"

"मी? मी मंगळवारनंतर गेलोच नाही. बाबाच म्हणाले, ठमी सकाळ-संध्याकाळ येते."



रविवारी दोघं मिळून गेले. बाबा काठीशिवाय ओट्यापाशी उभे राहून कप विसळत होते.

"बाबा, आम्ही यायला नकोय का तुम्हाला?" ठमीनं विचारलं.

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग खोटं का सांगितलंत?"

"तुम्ही येता आणि घड्याळ बघत बसता. म्हटलं, सुटा एकदाचे." त्यांनी कप पालथा घातला. "गुरुवारी मात्र वाट बघत होतो."

"कोणाची?" दादानं विचारलं.

"ते काही ठरवलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी एकमेकांना न विचारता दोघंही आले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, केस कापायला गेलेत. दोघं जिन्यात बसून राहिले. तासाभरानं बाबा कठडा धरत, एकेक पायरी चढत आले.

"दोघंही? काय झालं?"

त्यांना बरं वाटलं की राग आला, ठमीला चेहऱ्यावरून कळेना. तो काहीतरी सांगेल म्हणून तिनं दादाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.