शनी निघून गेल्यावर

दुर्बीण हलवली नाही, तर शनी तिच्यात जेमतेम मिनिटभर टिकतो. पृथ्वी फिरत असते; कड्यांचा तो इवलासा पिवळसर दाणा कडेकडे सरकतो आणि दिसेनासा होतो. ताईने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, तिला हे ठाऊक होतं. तिच्या धाकट्या भावाला नव्हतं. तो कारखान्याची बस चालवायचा. पहाटे अंधारातच कामगारांना घेऊन निघायचा.

"ये लवकर, शनी लावून ठेवलाय!" दिवेलागण झाल्यावर तिने गच्चीवरून हाक मारली.

तो चहा संपवून, कठडा चाचपत वर आला. दुर्बिणीला डोळा लावला. नुसता काळोख. गेलं वर्षभर अंधार पडला की त्याला असंच दिसेनासं व्हायचं.

"वा! काय कडी आहेत गं ताई!"

"दिसली?"

"न दिसायला काय झालं? ड्रायव्हरची नजर आहे!"

तिने वाकून पाहिलं.

"अरे, यात काहीच नाहीये. तू चहा ढोसत बसलास, तेवढ्यात शनी निघून गेला."

तो कसनुसा हसला.

"धड डोळ्यांचा माणूस म्हणाला असता, ताई, इथे काही दिसत नाही. तू स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतलीस आणि थाप मारलीस. गेल्या महिन्यात पहाटे तुझ्या बसखाली आलेला तो सायकलवाला तरी दिसला होता का तुला?"

"तो मध्येच आला! सगळा डेपो तेच म्हणतो."

"डेपो तुझी बाजू घेतो. त्याच्या सायकलला मागे दिवा होता ना?"

"होता म्हणतात."

"म्हणतात!"

तो खाली बसला. "त्याचा पाय कापावा लागला, ताई. आणि मी त्याच्या बायकोला तोंडावर सांगितलं, चूक तुझ्या नवऱ्याची."

"नजर अधू होणं हा गुन्हा नव्हे रे. ते लपवून माणसांनी भरलेली बस हाकणं हा आहे. जिन्यात तू चाचपतोस हे रोज बघत होते मी. मीही गप्पच बसले."

आपल्या माणसाची नजर जात चालली आहे, हे घराला सर्वांत आधी कळतं. आणि घरच सर्वांत आधी गप्प बसतं! त्या गप्प बसण्याची किंमत मात्र रस्त्यावरचा कुणी तिऱ्हाईत मोजतो.

भावाने फोन काढला. पलीकडून डेपोच्या साहेबांचा आवाज आला.

"साहेब, उद्या माझ्या गाडीवर दुसरा माणूस द्या. मला अंधारात दिसत नाही. आणि त्या सायकलवाल्याची चूक नव्हती. माझी होती."