मामाच्या मेलचा बोगदा

मामाचा मेलचा प्रोग्रॅम माझ्या लग्नाच्याही आधीचा. काळ्या पडद्यावर ही एवढाली हिरवी अक्षरं, माउसची भानगड नाही. नजर अधू झाल्यापासून त्याला तेवढंच दिसतं, आणि कुठली कळ कुठे ते बोटांना पाठ. नवीन काही शीक म्हटलं की म्हणतो, "कॉम्प्युटर दुरुस्त करतेस ना? मग कर दुरुस्त."

अशात मेल कंपनीने कळवलं, एक तारखेपासून सांकेतिक जोडणी नसेल तर पत्रं मिळणार नाहीत. मामाच्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमच्या बापाला ते येत नव्हतं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण मावशी. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, स्वरयंत्रच काढणार होते. तोवर बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. तरी बहीणभावाने आपसात ठरवून टाकलेलं: ऑपरेशनचा दिवस तिने मेलवर कळवायचा, आदल्या दिवशी मामाने फोन करायचा आणि डॉक्टर गेले खड्ड्यात, पोटभर बोलून घ्यायचं. शेवटचं.

मी एन्क्रिप्टेड बोगदा बसवून दिला. म्हणजे काय, तर एक छोटा प्रोग्रॅम मध्ये बसतो. मामाचा प्रोग्रॅम त्याच्याशी आपल्या जुन्या पद्धतीने बोलतो आणि तो पुढे सर्व्हरशी सांकेतिक भाषेत. हे करताना दिसलं, कॉम्प्युटरचं घड्याळ अठरा वर्षं मागे. आतला सेल मेलेला. तारीख चुकली की बोगदा सर्व्हरचं प्रमाणपत्र मानत नाही, जोडतच नाही. मी हाताने तारीख घातली. सेल पुढच्या खेपेला आणू म्हटलं. वर माझा शहाणपणा बघा: स्क्रीनवर काही आलं की मामा घाबरून फोन करतो, म्हणून सगळ्या सूचनाच बंद करून टाकल्या.

"मेल आला नाही तर?" त्याने विचारलं.

"आला नाही म्हणजे मावशीने लिहिला नाही. सारखा खनपटीला बसू नकोस रे मामा, मला दुकान आहे."

काम झालं की मामा भिंतीवरचं बटण बंद करतो. जन्मभर बघत आलेय मी हे! बटण बंद झालं, की सेल मेलेला असताना तारीख कोण लक्षात ठेवणार?

त्याने खरंच एकदाही फोन केला नाही. नवव्या दिवशी मीच सेल घेऊन गेले.

"ताई रुसलीय बहुतेक," तो म्हणाला. "आठ दिवसांत एक ओळ नाही."

मी कोपऱ्यातली तारीख बघितली. पुन्हा अठरा वर्षं मागे. सेल घातला, तारीख दुरुस्त केली. पाच पत्रं धडाधड उतरली. मामा पडद्याला नाक लावून वाचायला लागला, मग मागे सरकला.

"तू वाच."

तिसऱ्या पत्रात होतं, "ऑपरेशन अलीकडे आणलंय, गुरुवारी. बुधवारी फोन कर, दिवसभर वाट बघते." शेवटचं पत्र बुधवारी संध्याकाळचं. "तुझ्याच्याने व्हायचं नाही, हे मला कळायला हवं होतं. लहानपणीही कुणी रडायला लागलं की तू बाहेर पळायचास. मी रागावले नाही हं."

आज शनिवार होता.

"मामा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "शिव्या घाल मला."

"तिला ऐकू तर येत असेल ना?" त्याने विचारलं.

मी हॉस्पिटलला फोन लावला. नर्स चांगली होती. म्हणाली, त्या जाग्या आहेत, कानाशी धरते.

"ताई, मी बोलतोय. अगं, मला तुझी पत्रंच मिळाली नव्हती गं," मामा म्हणाला. आणि ती काय म्हणते ते ऐकायला, सवयीने, थांबला.