सातेरीची शेवटची पेटी

मी लई शाणा हाय, हे आमच्या गावात सगळ्यास्नी म्हाईत हाय. मधमाशीचं सहा दिवसाचं ट्रेनिंग केलंय, सर्टिफिकेट फ्रेम करून सोप्यात टांगलंय. आता ते चुलीत घालावं वाटतंय.

राधानगरीच्या आमच्या बाजूला आबांच्या, म्हंजे माझ्या वडलांच्या, सातेरी जातीच्या देशी मधमाशांच्या तेवीस पेट्या हुत्या. मग रोग आला. अळ्या जागच्या जागी कुजल्या, आन् बावीस पेट्या मोकळ्या झाल्या. उरली एक. "ही जगली तर हिच्यापास्नंच परत वाढवू," आबा म्हणायचं. अठ्ठ्याण्णव साली हर्नियाच्या ऑपरेशनला कोल्हापूरला निघताना बी त्यास्नी स्वतःची काळजी न्हाय. "ज्ञान्या, घरदार ऱ्हाऊ दे, पेटीला जप," एवढंच.

चौथ्या दिवशी दुपारी बघतोय तर पेटीच्या दारात माशांचा ह्यो गोळा! लिंबाएवढा, आतनं घूंऽऽ आवाज. ट्रेनिंगात सांगितलंतं, माशा कवा कवा आपल्याच राणीवर उलटत्यात, घेरून मारत्यात. तवा गोळा पाण्यात टाकायचा, माशा पांगत्यात, राणी वाचती. राणी गेली की सगळं खलास. मी पळत जाऊन बादली आणली आन् गोळा उचलून पाण्यात सोडला.

माशा पांगल्या. आतनं निघाली गांधीलमाशी! बोटाच्या पेराएवढी. बादलीच्या काठावर चढली, पंख वाळवलं, आन् माझ्या देखत उडून गेली. मी मातूर येड्यासारखा पाण्यात राणी हुडकत बसलो.

दुसऱ्या दिवशी तीन गांधीलमाश्या आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी धा-बारा. मी चप्पल घेऊन दारात बसलो, मारल्या बी. पण किती मारणार? त्या येऊन एकेक माशी धरायच्या, मुंडकं तोडायच्या, धड घेऊन जायच्या. गोळा करणाऱ्या निम्म्या माशा माझ्याच बादलीत बुडाल्यात्या. बाकीच्या भिऊन आतच बसल्या, दाराशी याय तयार न्हाईत. सातव्या दिवशी पेटी उघडली तर उरल्यासुरल्या माशा राणीला घेऊन उठून गेलत्या. आत नुसत्या अळ्या, त्या बी उपाशी मेलेल्या.

आबा परत आलं ते पोटाला हात धरून थेट पेटीकडं. मी समदं सांगितलं, काय बी लपवलं न्हाय. वाटलं, आता कानफटात बसतीया. बसली असती तर बरं झालं असतं.

"ती राणी न्हवती रं," आबा हळू म्हणालं. "गांधीलमाशीला आपल्या माशीची नांगी लागत न्हाय. म्हणून गोळा करत्यात आन् अंगाच्या उबंनं तिला भाजून मारत्यात. एक जरी जित्ती सुटली तरी ती वाट इसरत न्हाय, बाकीच्यास्नी घेऊन येती."

"आबा, मला कवाच सांगितलं न्हाईसा की!"

"तुझं ट्रेनिंग झालंतं न्हवं. म्हटलं, तुला म्हाईत असंल." मग मोकळ्या पेटीवर हात फिरवत म्हणालं, "ती मराय आणखी पाच मिंटं तर लागली असती."

पाच मिंटं. आन् मी बादली आणाय पळत गेलतो.