गादीवरचा मालक

रविवारी सकाळी मानक नगरच्या कॉलनीत सब्जीचा ठेला बेवारस उभा होता. गिऱ्हाइकं आणि खुद्द सब्जीवाला, सगळेच विनयाच्या दारात जमले होते.

गुलाबी फेटा बांधलेले गद्दीवाले बाबा पांढऱ्या गाडीभोवती धूप फिरवत होते. त्यांचा ताडमाड चेला आत बसला, त्याने चावी फिरवली आणि इंजिन लगेच गुरगुरलं. मग बाबांनी ते बंद करवलं आणि विनयाला बसवलं. तिने चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण इंजिन हूं की चूं करेना. गर्दीने हात जोडले.

"देखा?" बाबा म्हणाले. "गद्दी पर मालिक बैठा है। सबको चलाने देगा, बहू को नहीं। बहू चौखट के अंदर रहे, यही मालिक की इच्छा है।"

गेलेल्या माणसाच्या इच्छा सांगणं फार सोयीचं असतं. तो काही खोडून काढायला येत नाही.

मालक म्हणजे विनयाचा नवरा निनाद, रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलेला इंजिनिअर, सहा फुटी माणूस. तापाचं निमित्त झालं आणि गेल्या वर्षी तो गेला. आता विनयाला मलिहाबादच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती आणि उद्याच हजर व्हायचं होतं. शाळेच्या वेळेला तिकडे जायची दुसरी सोय नव्हती, म्हणून ती ड्रायव्हिंग क्लासच्या जुनाट गाडीवर शिकली, लायसन्स काढलं. आणि घरची गाडी नेमकी तिच्या हातून सुरू होईना. मेकॅनिकच्या हातून झाली. शेजारच्या हणमंतरावांच्या हातून झाली. तेव्हा कुणीतरी बाबांचं नाव सुचवलं.

बाबांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की गद्दीला कुणी हात लावायचा नाही, ती सूतभरही सरकता कामा नये. हिंदीत गद्दी म्हणजे बसायची साधी जागासुद्धा. पण सासूबाई मालिनीबाई पडल्या साताऱ्याच्या. त्यांच्या कानांना ऐकू आली ती मठातली गादी, सत्पुरुषाची, जिला धक्का लावणं पाप. त्या रोज त्या सीटवर फूल वाहू लागल्या.

विनयाला हे पटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर बाबा यायच्या आधीपासून तिनेही ती सीट सरकवली नव्हती. निनाद शेवटचा बसला तेव्हा जशी होती, तशीच मागे राहावी, असं तिला वाटायचं. मनसोक्त रडायला तिला तेवढीच एक जागा उरली होती.

आता बाबा सांगत होते की गाडी आश्रमात सोडा, आत्मा शांत होईल, आणि बहूला नोकरीबिकरीला पाठवू नका. सासूबाई मान डोलावत होत्या. विनयाने काचेतून पाहिलं. चारी बाजूंना माणसं होती आणि दारावर बाबांचा हात होता. आता जन्मभर हेच, या विचाराने तिचा जीव गुदमरला. तिला निनादचाच राग आला. खरंच तू मला कोंडतोयस का रे?

त्या रागात तिने क्लचवर पाय हाणला. पाय पुरता पोचलाच नाही. नुसता चवडा टेकला आणि पेडल अर्ध्यावर राहिलं. मघाशी चेल्याने ते सहज पार तळाला नेलं होतं. मेकॅनिक, हणमंतराव, चेला, सगळे उंच. ती मात्र पाच फुटांनाही कमी. गणिताच्या बाईंना एवढं पुरे झालं.

ती खाली उतरली. "भैया, फिर से बैठिए," ती चेल्याला म्हणाली. "पर पालथी मारकर।"

असं शास्त्रात नाही, असं बाबा घाईघाईने म्हणाले. मालक तर याच्यावर खूश आहेत, मग बसू द्या की, असं हणमंतरावांनी सुचवलं आणि गर्दीने ते उचलून धरलं. चेल्याने कशीबशी मांडी घातली आणि चावी फिरवली. दिवे लागले. इंजिन गप्प.

"अब मालिक इनसे भी नाराज़ हो गए?" विनयाने विचारलं. पहिला हसला तो सब्जीवाला.

मग तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. या गाडीत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. गियर पडलेला असताना गाडीने अचानक उडी मारू नये, म्हणून ती सोय केलेली असते. क्लासच्या जुन्या गाडीत ती नव्हती, म्हणून तिच्या लक्षात आलं नाही. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी सीट पाहिली होती आणि तिची उंचीही. गद्दी न सरकवण्याचा हुकूम त्यातूनच निघाला होता.

ती आत बसली आणि सीटखालच्या दांडीकडे हात नेला. मालिनीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"नको गं विनया. त्याची जागा आहे ती."

"त्याचीच होती, आई. पण तो असता तर त्यानेच सीट पुढे ओढून दिली असती."

 तिने मनगट हळूच सोडवून घेतलं आणि दांडी ओढली. करकरत सीट पुढे आली, क्लच तळाला टेकला आणि इंजिन सुरू झालं. आत्मा प्रसन्न झाल्याचं बाबा सांगू लागले, पण तोवर लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

मालिनीबाई दाराला धरून रडत होत्या. "म्हणजे माझा निनाद तुला अडवत नव्हता?"

"नाही, आई. तुम्ही अडवत होतात. आणि थोडी मीही."

गाडी अडली तर चमत्कार शोधण्याआधी खाली वाकून पेडल बघावं. आणि मेलेल्या माणसाच्या नावाने कुणी जिवंत माणसाला घरात बसवू लागलं, तर तो जिवंतपणी कसा होता, एवढं तरी आठवून बघावं.