चार तासांचं अंतर

“बाई, विमान नऊचं, आत्ता वाजलेत आठ. मग याचा फोन बंद कसा?”

तिकीट कचेरीचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. त्याखालून वाकून घड्याळवाले आत शिरले आणि परदेशातल्या मुलाच्या तिकिटाचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. तिकडे दवाखान्यात बायको ऑपरेशनचे कपडे घालून बसली होती. हृदयाचं दुखणं, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते. साडेनऊला आत न्यायचं होतं आणि तिनं ठणकावलं होतं, “लेकाशी बोलल्याशिवाय मी हलणार नाही.”

बाईंनी चष्मा चढवला. “काका, नऊला सुटतं ते तिथल्या घड्याळात. दुपारी एकला उतरतं ते आपल्या. तिथलं घड्याळ साडेसात तास पुढे. तो रात्री दीडलाच उडालाय.”

“चार तासांचा तर प्रवास!”

“साडेअकरा. दहा हजार किलोमीटर आहे, काका. चार तासांत यायला तो काय बंदुकीची गोळी आहे?”

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं जुळवून देणारा माणूस मटकन खुर्चीत बसला. “एका कागदावर दोन घड्याळं! दुकानात मी असं केलं असतं तर गिऱ्हाइकांनी धरून बडवलं असतं मला.”

बाई हसल्या. घड्याळवाल्यांना मात्र हसू आलं नाही. काल रात्री मुलाचा फोन आला होता. आईला द्या, म्हणाला. यांनीच सांगितलं होतं, “आत्ताच डोळा लागलाय तिचा. निघायच्या आधी सकाळी बोल.” पोरगा म्हणाला होता, “बरं. आता आल्यावरच बोलतो.”

नेटवर्क नाही म्हणून ठोकून द्यायचं, असं त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात ठरवलं.

“लागला?” बायकोनं विचारलं.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून खोटं काही निघेना. कालच्या फोनसकट सगळं सांगून टाकलं.

ती कितीतरी वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिली.

“साडेअकरा तास? आणि मी मनात धरून बसले होते, चार तासांवर राहतो आणि दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नाही.”

“माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळेच. दुसऱ्या कोणामुळे?” मग, “आत्ता कुठे असेल हो?”

“अर्ध्याच्या पुढे आलाय. झोपला असेल.”

“बसल्या बसल्या?”

“बसल्या बसल्याच.”

“मान अवघडेल त्याची.”

तेवढ्यात नर्स स्ट्रेचर घेऊन आली. “चला मावशी! झालं का मुलाशी बोलणं?” तिचा खणखणीत आवाज वॉर्डभर घुमला.

बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू गं. झोपलाय तो.”

नर्सनं शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. घड्याळवाल्यांनी स्ट्रेचरचा कठडा धरला आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ते पाय न वाजवता चालत गेले.