मुठीच्या आतला गंज

आमच्या घरात तीन वर्षं मी टेलिफोन होते. तशी नोकरीही मी टेलिफोन खात्यातच केली, कानाला हेडफोन लावून याची तार त्याला जोडून द्यायची. पण तिथे पाळी संपली की सुटका व्हायची. घरात ती सोय नव्हती. "आई, बाबांना सांग, गीझर मी बंद केलाय." "अगं, त्याला विचार, रात्री जेवायला आहे का." दोघं एकाच टेबलाशी बसलेले, मध्ये मिठाची बरणी, आणि ती बरणीसुद्धा माझ्यामार्फत सरकायची.

कारण एकच वाक्य. मुलाचा संसार मोडला आणि तो दोन बॅगा घेऊन परत आला, तेव्हा दारातच आमचे हे म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि एक बायको सांभाळता येईना?" बोलून झाल्यावर ह्यांनीच बॅगा उचलून आत नेल्या, त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला, पण बाण सुटला तो सुटला. त्या दिवसापासून मुलगा बापाशी बोलायचा थांबला. इस्पितळात एक्स-रे काढायचा, घरी यायचा, जेवायचा आणि दार लावून घ्यायचा. त्या दारामागून कसलाच आवाज यायचा नाही. रेडिओ नाही, फोन नाही, कपाट उघडल्याचासुद्धा नाही. माझ्या तोंडचं पाणी पळायचं. काहीतरी निमित्त काढून मी दार वाजवायची आणि आतून "काय आहे?" असं वैतागून आलं, की जीव भांड्यात पडायचा.

मग तलवार आली. म्हणजे आधी तिची पुस्तकं आली.

झालं असं, की जुन्या वस्तूंचा एक व्यापारी निखळलेला खांदा घेऊन ह्याच्याकडे एक्स-रेला आला. मशीनखाली पडल्या पडल्या म्हणाला, की आपल्या दुकानात जपानी तलवारी आहेत, माणसाच्या आत काय दडलंय ते बघायची सवय असलेल्याने एकदा पोलाद बघायलाही यावं. आमचे चिरंजीव गेले आणि तिथेच चिकटले. व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "पहिलं वर्षभर विकत काही घ्यायचं नाही. फक्त बघायचं." ह्याने ते वेदवाक्य मानलं. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत पाच-सहा शौकीन जमायचे, एका उघड्या बल्बखाली एकेक पातं हातोहात फिरायचं, त्यांच्यात हा जाऊन बसू लागला. परत आला की डोळ्यांत थोडी जान दिसायची. मला मात्र धडकीच भरली. बंद दारामागे बसणारा मुलगा आणि उद्या घरात तलवार, हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल? पण मी मूग गिळून बसले. निदान रविवारी तो अंघोळ करून, दाढी करून बाहेर तरी पडत होता.

आणि एका संध्याकाळी जेवताना त्याने मान वर केली. "पोलाद तापवून पाण्यात बुडवलं, तर धार कडक आणि पाठ मऊ, असं कसं करता येईल, बाबा?"

मी सवयीने वाक्य उचलायला तोंड उघडलं, तर ते माझ्या डोक्यावरून पलीकडे गेलेलं. ह्यांचा घास हातातच राहिला. हे चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. ह्यांनी घासलेल्या नगात बघून लोक भांग पाडत, असं त्यांचे साहेब म्हणायचे. घसा साफ करत हे म्हणाले, "धारेला पाणी द्यायचं, आणि पाठीला मिळू द्यायचं नाही. पाठीला लेप लावला असणार कसला तरी."

"मातीचाच लावतात."

"मग! लोखंड इकडचं काय नि तिकडचं काय, स्वभाव एकच."

मुलगा हसला. फार नाही, पण हसला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

वर्ष सरल्यावर त्याने आपली मोटरसायकल विकली आणि एक तलवार घेतली. त्याआधी तीन नाकारली. एकीच्या धारेत केसाएवढी चीर होती, ती ह्यानेच शोधली. व्यापाऱ्याने पाठ थोपटली म्हणे. आणलेली तलवार चारशे वर्षांची असावी असा सगळ्यांचा अंदाज होता. मुठीच्या आत, पात्याच्या बुडाशी, घडवणाऱ्याने आपली सही म्हणून दोन अक्षरं कोरली होती. खूण खरी की मागाहून कुणी खोटी कोरलेली, हे ठरवायला परदेशातून परीक्षक यायचे होते. त्यांनी खरी म्हटली, तर तसा दाखला मिळणार होता. दाखल्याचं वेड ह्यांनाच जास्त. मुलगा म्हणायचा, "नाही मिळाला तरी ती मला आवडते."

रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून त्यावर पांढरी चादर अंथरली जायची. पात्याला बोट लावायचं नाही, त्याच्यासमोर बोलायचं नाही, थुंकी उडते. पुडीत बांधलेली दगडाची भुकटी हलकेच मारायची, मऊ कागदाने पुसायची, मग लवंगेचं तेल, तेही नावापुरतं. ज्या माणसाने जन्मभरात माझं एक ऐकलं नाही, तो मुलाच्या सांगण्यावरून तोंडावर रुमाल धरून शहाण्यासारखा बसायचा. दिव्याखाली पातं तिरकं धरलं, की जिथपर्यंत पाणी दिलं गेलं तिथे धारेला धरून एक धुरकट रेघ दिसते, ती बघायची. मलाही दाखवली. खरं सांगायचं तर मला ट्यूबलाइटची झाक दिसली, पण मी "वा" म्हटलं. माझं लक्ष त्या दोन डोक्यांकडे होतं, एक पांढरं, एक पिकायला लागलेलं. तीन वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी ही माणसं आता एकाच पाण्यात पाहत होती. मला वाटलं, सुटलो आपण. पोरगं वाचलं.

परीक्षक यायच्या आठवड्यात, एका सकाळी, मुलाने बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली. आतला भाग ह्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मीही पाहिला. वर आरशासारखं पातं आणि खाली काळाकुट्ट, करपलेल्या कढईच्या बुडासारखा गंज. त्या गंजात ती दोन अक्षरं बुडालेली. मुलगा म्हणाला, "बाबा, बघा किती सुंदर आहे." तेवढ्यात इस्पितळातून फोन आला, कुठेतरी मोठा अपघात झाला होता. तो तसाच निघाला. जाता जाता म्हणाला, "राहू दे इथेच, मी येऊन बसवतो."

सुंदर तो गंजाला म्हणाला होता. ह्यांना वाटलं, अक्षरांना.

बाकी सगळं त्याने बापाला शिकवलं होतं. या गंजाचं तेवढं सांगायचं राहिलं. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं म्हणे, त्यामुळे कुणाला माहीत नसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. आणि ह्यांच्या टूलरूममध्ये गंज म्हणजे आळस. गंजलेला नग साहेबासमोर ठेवायचा म्हणजे आपणच आपलं नाक कापून घ्यायचं. "परीक्षक येणार, आणि त्यांच्यापुढे हे असं टाकायचं?" असं पुटपुटत ह्यांनी माळ्यावरून आपली हत्यारांची पेटी काढली.

दिवसभर हे गॅलरीत बसले. पात्याच्या वरच्या भागाला जुन्या मऊ धोतराची पट्टी गुंडाळली, त्याला ओरखडासुद्धा पडू दिला नाही. खाली आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग झिरो नंबर. अक्षरांच्या खाचांमधला गंज सुईच्या टोकाने उकरला. मी दोनदा चहा नेऊन दिला. हे शीळ घालत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा दमून आला. ह्यांनी त्याला बूटही काढू दिले नाहीत. "बस. डोळे मिट. हं, आता उघड."

ते बूड लखलखत होतं. दोन्ही अक्षरं दुकानाच्या पाटीसारखी स्वच्छ.

"आता परीक्षकांना भिंगसुद्धा लागायचं नाही!" हे म्हणाले. "काय?"

मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं, दिव्याखाली नेलं, उलटलं. हे त्याच्या तोंडाकडे बघत उभे, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलासारखे.

"छान केलंत, बाबा," तो म्हणाला.

त्याने मूठ चढवली, खुंटी ठोकली, पातं म्यानात घातलं आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ आला. मी विचारलं, "काय झालं रे?"

"तो गंज म्हणजे तिचं वय होतं, आई. तो बघूनच वय ठरवतात, सहीचं खरंखोटं ठरवतात. आता ही सही काल कुणी कोरली म्हटलं, तर मी काय दाखवणार?"

"परत चढेल की. लोखंडच आहे ना?"

"चढेल. चारशे वर्षांनी."

मी बाहेर बघितलं. हे पेटीतली हत्यारं पुसून एकेक जागेवर ठेवत होते.

"बाबांना सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "कधीच नाही. एका वाक्याने माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे."

पुढच्या रविवारी तो तलवार घेऊन दुकानात गेला. व्यापाऱ्याने मूठ उतरवून पाहिली आणि विचारलं, "कोणी केलं हे?" आमचा मुलगा म्हणाला, "मी." व्यापारी रागावला नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि मूठ परत चढवून दिली. त्या दिवशीही नेहमीसारखी पाती हातोहात फिरली, पण ह्याच्यापाशी आली की शेजारचा माणूस अलगद हात लांबवून ती पुढच्याला द्यायचा. एकदा नाही, प्रत्येक वेळी. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसायचा प्रयत्न करत होता. नंतर तो तिकडे गेला नाही. परीक्षक आले आणि गेले. तलवार त्याने इस्पितळातल्या कपाटात ठेवली आणि बापाला सांगितलं, तपासणीला दिलीय.

संध्याकाळी हे टेबल पुसायचे, चादर अंथरायचे. तलवार नाही तर नाही, पुस्तक घेऊन बसू म्हणायचे. मुलगा म्हणायचा, डोकं दुखतंय. कधी म्हणायचा, जादा पाळी आहे. मग काहीच म्हणेनासा झाला. दार पुन्हा लागलं. "त्याला विचार गं, निकालाचं काय झालं." "आई, बाबांना सांग, वेळ लागतो." मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं इकडून तिकडे नेत होते आणि रात्री उशीत तोंड खुपसून दोघांनाही शिव्या देत होते. बापाचा राग यावा तर त्याने प्रेमाने केलेलं. मुलाचा यावा तर त्यानेही प्रेमापोटीच तोंड शिवून घेतलेलं. सांगितलं तर म्हातारा मोडणार होता. नाही सांगितलं तर पोरगा त्या खोलीत आतल्या आत संपत होता, आणि मला ते दिसत होतं.

मग एका रविवारी दुपारी ह्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढून घातला. मला वाटलं, बाहेर निघाले. ते मुलाच्या दारासमोर जाऊन उभे राहिले आणि टकटक केली, पाहुण्याने करावी तशी.

"ऐक," ते दाराशी बोलले. "तू बॅगा घेऊन आलास त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. माझी चूक झाली. मला माफ कर."

या वाक्याची मी किती वाट पाहिली होती! किती विनवण्या केल्या होत्या, किती भांडले होते. आणि ते आलं ते आता.

दार उघडलं. मुलगा चुरगळलेल्या कपड्यांत उभा होता. डोळे खोल गेलेले.

"ते मी कधीच सोडून दिलं होतं, बाबा. तुम्ही पोलादाला पाणी द्यायचं समजावून सांगितलंत ना, तेव्हाच."

"मग?"

त्याने ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी ना होकाराची मान हलवली, ना नकाराची.

"मग काही नाही," तो म्हणाला. "डोकं दुखतंय जरा." आणि त्याने दार आवाज न करता लावून घेतलं.

हे स्वयंपाकघरात आले. खुर्ची ओढून बसले. सदऱ्याचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

"त्याचा राग नाही म्हणतो तो," ते म्हणाले. "मग मी अजून काय बिघडवलंय गं त्याचं? तुला बोलला असेल. तुझ्याशी बोलतो तो. काय असेल ते सांग, मी त्याचीही माफी मागतो."

मी गॅसकडे तोंड करून उभी होते.

"नाही हो," मी म्हटलं. "मला काही बोलला नाही."