पान एकेचाळीसचं विमान

"ताई, विमान कुठंय?" धाकटीनं गाडी पेट्रोलपंपाच्या कडेला घेतली. "एवढं मोठं धूड. खिशात घालून नेलं की काय कुणी?"

ताईंनी मांडीवरची पुस्तिका उघडली. पान एकेचाळीस. 'रस्त्यालगत जुने प्रवासी विमान. पंखाखाली बसण्याची सोय. शेजारी पेट्रोलपंप व चहा.' वाक्य त्यांचंच होतं. गाडीनं फिरायला निघालेल्यांनी वाटेत काय काय गमतीचं बघावं, याची ही पर्यटन खात्याची पुस्तिका. सव्वीस वर्षं ताई ती एका टेबलाशी बसून तयार करत होत्या. बाटल्यांचं घर, बुटाच्या आकाराची शाळा, उलटं चालणारं घड्याळ. यांतलं काहीएक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. खात्यानं त्यांना टेलिफोन दिला होता, गाडी नाही. दरवर्षी छपाईआधी त्या प्रत्येक ठिकाणी फोन लावत आणि 'आहे' असं ऐकलं की खूण करत. पुस्तिकेत आजवर एक चूक नाही, हे त्या कुणाला सांगत नसत. धाकटीला मात्र ते पाठ झालं होतं.

सोमवारी त्यांच्या हातची शेवटची आवृत्ती छापायला जाणार आणि महिनाअखेर ताई निवृत्त. एकदा तरी डोळ्यांनी बघू, म्हणून दोघी निघाल्या होत्या. बाटल्यांचं घर जागेवर होतं. बूटही होता, रंग उडालेला. इथं मात्र सिमेंटचा रिकामा चौथरा, त्यावर गवत.

"मागच्याच महिन्यात विचारलंय मी. आहे म्हणाले."

"मग उडालं असेल. विमानच ते."

पंपाच्या खोलीतून एक म्हातारा हात पुसत आला. "किती टाकू?"

हा आवाज ताईंच्या चांगला ओळखीचा होता. "पेट्रोल नको. मी पुस्तिकेच्या ऑफिसातली. दरवर्षी फोन करते ती."

म्हाताऱ्याचे हात फडक्यातच राहिले. "तुम्ही कधी येणार नाही, असंच धरून चाललो होतो मी."

"कधी गेलं विमान?"

"नऊ वर्षं झाली. भंगारवाल्यांनी चार दिवसांत कापून नेलं."

"आणि मला नऊ वर्षं 'आहे' सांगताय?" ताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं धाकटीला वाटलं.

"पहिल्या वर्षी सांगणारच होतो. पण तुम्ही विचारलंत, कसंय विमान, पोरं चढतात का वर. आमची ही नुकतीच गेली होती. पेट्रोल सोडून दुसरं काही कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी. नाही म्हटलं असतं, तर पुढल्या वर्षी फोन आला नसता तुमचा."

"आणि लोक येतात त्यांचं काय?"

"चिडतात आधी. मग चहा देतो, विमानाचं सांगत बसतो. तासतासभर बसतात काही." त्यानं मान खाली घातली. "तुम्ही काढून टाका ते. तुमच्या कामाला बट्टा नको."

ताई चौथऱ्याच्या कडेवर बसल्या. पेन्सिल काढून ओळीवर ठेवली आणि तशीच धरून राहिल्या. नऊ खुणा खोट्या. पण ही ओळ गेली, की या वळणावर थांबायला कुणाला काही कारण उरणार नव्हतं.

"राहू दे ना गं," धाकटी हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला."

त्यांनी ओळ खोडली. मग खोडलेल्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलं आणि म्हाताऱ्याला वाचून दाखवलं: 'येथे पूर्वी विमान होते. आता नाही. जागा पाहता येते. माहिती पंपावर सांगतात.'

"नसलेलं विमान बघायला कोण येणार, बाई?"

"येतील थोडे. पण खरं माहीत असून येतील. आणि माझ्या जागी नवी मुलगी आलीय, ती फोन करेल. तिला खरं सांगायचं."

"तिला काय सांगू पण?"

"मला कधी सांगितलं नाहीत, ते सगळं."

धाकटी चौथऱ्यावर चढून इकडंतिकडं बघत होती. "केवढं होतं तरी, काका?"

"या, दाखवतो." तो पुढं झाला. "हे नाक. इथं शिडी." आणखी दहाएक पावलं गेल्यावर तो कमरेत वाकला, तसाच थोडा चालला आणि सरळ झाला. "पंख होता. डोकं आपटायचं."

धाकटी त्याच्या मागोमाग निघाली. तिची उंची जेमतेम पाच फूट. तिथं आल्यावर तीही वाकली.